देहाचे संरक्षक दल : लेखांक ७ — एकच ग्राही, निरनिराळे हुकूम

गेल्या लेखांकात टी-पेशीवरील ग्राही प्रतिजनाचा तुकडा कसा ओळखतो हे आपण पाहिले. परंतु ओळख पटणे निराळे आणि त्या ओळखीवरून पेशीने काय करावे हे ठरणे निराळे, आणि या दुसऱ्या गोष्टीचे नवल पहिलीपेक्षा तिळमात्र उणे नाही. तोच ग्राही एका प्रतिजनाशी गाठ पडताच पेशीला विभाजनास प्रवृत्त करतो, दुसऱ्याशी गाठ पडल्यास तिच्याकडून केवळ एखादे द्रव्य निर्माण करवितो, आणि तिसऱ्याची तर दखलही घेत नाही.

हा भेद किती सूक्ष्म कारणाने पडतो याची साक्ष अमेरिकेतील सेंट लुई येथे ब्रायन एव्हाव्होल्ड व पॉल ॲलन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळते. उंदराच्या हिमोग्लोबिनमधील ६४ ते ७६ या स्थानांवरील तेरा अ‍ॅमिनो आम्लांचा तुकडा दाखविला, की त्यांच्याजवळील टी-पेशी विभागू लागत आणि इंटरल्यूकिन-४ हे द्रव्यही निर्माण करीत. त्या तुकड्यातील ७३व्या स्थानाचे ग्लुटामिक आम्ल काढून तेथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसविले, म्हणजे एक कार्बन अणू आणि त्याला जोडलेले दोन हायड्रोजन एवढेच काय ते कमी केले. तरी इंटरल्यूकिन-४ पूर्ववत निर्माण होत राहिले आणि विभाजन मात्र बंद पडले! हुकूम अर्धाच सुटला होता.

असे का व्हावे? ग्राहीच्या ज्या दोन साखळ्या प्रतिजनाला भिडतात त्यांची पेशीच्या आतील टोके अगदी आखूड असल्यामुळे संदेशाचा सारा कारभार सहचारी प्रथिनांकडे सोपविलेला असतो. त्यांच्या शेपटांवर एलसीके नावाचे विकर फॉस्फेट चढविते. त्या जागी झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते. ते कार्यप्रवृत्त झाले म्हणजे लॅट या प्रथिनावर फॉस्फेट चढते. आणि त्यानंतरच पेशीत कॅल्शियमची पातळी वाढून केंद्रकातील जनुकांना जाग येते. मामलेदार कचेरीत अर्ज एकेका मेजावर शिक्का घेत सरकावा, आणि अर्जदार मध्येच उठून गेला तर सारे शिक्के रद्दबातल व्हावेत, तशी ही व्यवस्था आहे. स्वकीय प्रथिनांचे तुकडे ग्राहीपासून चटकन सुटतात, तर नेमका जुळणारा परका तुकडा काही सेकंद टिकतो आणि तेवढ्या अवधीत अखेरच्या मेजापर्यंत पोहोचतो. जॉन हॉपफील्ड यांनी १९७४ साली प्रथिनांच्या जडणघडणीतील अचूकपणासाठी मांडलेला हा विचार टिमथी मॅककीथन यांनी १९९५ साली टी-पेशींना लागू केला. केवळ कालावधीने सर्व उलगडा होतो असे मानणे घाईचे ठरेल, कारण प्रतिजनांची संख्या आणि भोवतालचे इतर संकेत यांचाही निकालात वाटा असतो. तथापि या उपपत्तीइतकी दूरवर नेणारी दुसरी उपपत्ती मला दिसत नाही.

तिचे सर्वांत सुंदर प्रत्यंतर लॅटमध्येच आढळते. मानवी लॅटमधील १३२व्या स्थानाच्या टायरोसिनावर फॉस्फेट फार सावकाश चढते, कारण त्याच्या लगतचे ग्लायसीन झॅप-७० ला मानवत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील आर्थर वाइस यांच्या प्रयोगशाळेने २०१९ साली त्या ग्लायसीनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल घातले, तेव्हा हे काम झपाट्याने होऊ लागले आणि एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या दुबळ्या प्रतिजनांनाही पेशी प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे जी मंदगती प्रथमदर्शनी उणीव वाटावी, तीच स्वकीयांवरील आघात टाळणारी तजवीज होय.

मात्र हुकुमाचा अर्थ स्थळानुसारही पालटतो. यौवनलोपी ग्रंथीत घडत असलेल्या कोवळ्या टी-पेशीच्या ग्राहीने स्वकीय तुकडा घट्ट धरला तर तिच्या वाट्याला बहुधा मृत्यू येतो, आणि हलकेच धरला तर जीवन. उलट लसिका ग्रंथीतील प्रौढ पेशीला तीच घट्ट पकड वंशवृद्धीस उद्युक्त करते, पण तीही सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहीची संमती मिळाली तरच. ती संमती कोण देते, आणि न मिळाल्यास पेशी बधिर का होते, हा पुढील लेखांकाचा विषय.