लस, इजा आणि भरपाई

मंडळी, लस टोचली आणि काही दिवसांनी माणूस दगावला, तर तो लशीनेच दगावला का? गावच्या पारावर याचे उत्तर चटकन मिळते. कोर्टात ते इतक्या सहज मिळत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की कावळ्याच्याच भाराने फांदी मोडली, हे तेथे पुराव्याने दाखवावे लागते.

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्या. येथील एका पित्याची डॉक्टर मुलगी २०२१ साली करोनाची कोविशील्ड लस घेतल्यावर काही आठवड्यांनी वारली. लशीमुळेच ती गेली, असे म्हणून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात १००० कोटी रुपयांची मागणी केली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला व लस बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला नोटीस काढली. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, बरं का! ‘यावर तुमचे म्हणणे काय ते सांगा’, एवढाच तिचा अर्थ.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, अशाच दुसऱ्या एका प्रकरणात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की लस ऐच्छिक होती, सरकारवर जबाबदारी येत नाही. ज्याला भरपाई हवी त्याने दिवाणी न्यायालयात जावे. वाट दाखवली खरी, पण ती चढणीची आहे. दाव्यात सहसा कोणाची तरी हयगय किंवा मालातला दोष दाखवावा लागतो. आणि कित्येकदा चूक कोणाचीच नसते. लस चांगली, सुई स्वच्छ, टोचणारी परिचारिका कसबी. तरी लाखांत एखाद्याच्या अंगाला ती मानवत नाही. त्याने मग कोणाकडे पाहावे?

हा प्रश्न इतर देशांनाही पडला. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहिले आणि मुले पांगळी झाली. १९५८ साली ज्यूरीने म्हटले, कंपनीने हयगय केली नाही, तरी भरपाई तिनेच द्यावी. पुढे ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली कायदेच केले. तेथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. इजा लशीने झाली का, एवढे पाहतात. अमेरिकेत लशीच्या प्रत्येक मात्रेवर लहानसा कर बसवून त्यातून निधी उभारला. सर्वांच्या रक्षणासाठी एकाने सोसले, तर त्याचा भार सर्वांनी उचलावा, हा त्यामागचा विचार.

पण कायदा कोणताही असो, तपास कागदावरच चालतो. म्हणून लशीचे कार्ड जपा. त्यावर तारीख आणि लशीचा बॅच क्रमांक आहे ना, ते पाहा. लशीनंतर मृत्यू झाला, इस्पितळात ठेवावे लागले किंवा अपंगत्व आले, तर आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लगेच कळवा. मृत्यू झाला असेल तर मन घट्ट करून शवविच्छेदन होऊ द्या. तज्ज्ञांची समिती ही कागदपत्रे पाहून ठरवते, की इजा लशीशी निगडित आहे, निव्वळ योगायोग आहे, की निश्चित सांगता येत नाही. माहितीच अपुरी पडली, तर प्रकरण कोणत्याच वर्गात बसत नाही. असे होऊ देऊ नका.

वकील परवडत नाही? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तेथे मोफत वकील मिळतो. उत्पन्न कमी असेल तर इतरांनाही. ग्राहक तक्रारीची मुदत साधारण २ वर्षांची असते. मात्र सरकारी दवाखान्यात सर्वांनाच फुकट मिळणाऱ्या सेवेला तो कायदा सहसा लागत नाही, हे आधी वकिलाला विचारा. लोकअदालतीत तडजोड केली, तर तिच्यावर अपील नाही. सही करण्यापूर्वी वाचून घ्या. दावा अज्ञान मुलाचा असेल, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकालाही तडजोड करता येत नाही. मुलाचे हित पाहण्यासाठीच हा नियम आहे.

गुरुजी, एवढे मात्र गावात समजावून सांगा. भरपाई मागणारा माणूस लशीचा वैरी नव्हे. त्याची तक्रार नीट ऐकली गेली, तर शेजारीण आपले मूल लशीला नेताना कचरणार नाही. त्याला हुसकून लावले, तर ती घरीच बसेल.