आधी सगळं बाहेर, मग हवं ते आत

ब्रेस्लाउचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडोल्फ हायडेनहाइन यांनी एकोणिसाव्या शतकात एक साधा हिशेब मांडला होता. माणूस दिवसाला जेवढा युरिया लघवीवाटे टाकतो, तेवढा नुसत्या गाळणीतून बाहेर यायचा तर मूत्रपिंडांना रोज सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल. लघवी तर होते जेमतेम दीड लिटर. एवढं गाळून बहुतेक सगळं परत शोषून घेण्याचा उपद्व्याप शरीर कशाला करील, असं म्हणून त्यांनी गाळणीची कल्पनाच निकालात काढली. हिशेबात चूक नव्हती, निष्कर्ष तेवढा फसला. प्रत्यक्षात तर मूत्रपिंडं रोज ७० नाही, १८० लिटर गाळतात.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्काही नाही. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून जास्त, त्यांच्याकडे वळतो. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, गुच्छाभोवती पेल्यासारखी पिशवी आणि पिशवीतून निघालेली लांब, वळणावळणाची नलिका. रक्ताच्या दाबाने पाणी, मीठ, साखर, युरिया आणि बहुतेक औषधं गुच्छातून पिशवीत उतरतात. रक्तपेशी मागे राहतात, अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनंही जवळपास सगळी मागेच राहतात.

आता यातली खरी गंमत. घाण तेवढी निवडून काढणं हे मूत्रपिंडाचं काम, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते दिवाळीच्या साफसफाईसारखं चालतं: फडताळातलं सगळं आधी बाहेर, मग हवं ते पुसून परत आत. दिवसाला साधारण दीड किलो मीठ आणि १८० ग्रॅम साखर नलिकांत उतरते. त्यातली साखर जवळजवळ पूर्ण आणि मीठ ९९ टक्क्यांच्या वर परत रक्तात ओढून घेतलं जातं. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. पण निवडून फेकायचं म्हटलं तर प्रत्येक नकोशा पदार्थाची ओळख आधी हवी. या पद्धतीत ओळख लागते ती हव्या पदार्थांची. अनोळखी रेणू कोणी उचलला नाही, की बहुधा आपोआप बाहेर पडतो.

हे कळायला अडीचशे वर्षं लागली. बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगींना १६६६ मध्ये ते गुच्छ दिसले, पण त्यांचं काम काय ते उमगलं नाही. १८४२ मध्ये पंचविशीतल्या विल्यम बोमन यांनी लंडनमध्ये दाखवून दिलं की गुच्छाभोवतीची पिशवी म्हणजे नलिकेचंच टोक आहे. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग म्हणाले की, रक्ताच्या दाबाने गाळलं जातं आणि पुढे शोषलं जातं. हायडेनहाइन उलट बाजूला. त्यांनी प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला, तो नलिकांच्या पेशींत उतरलेला पाहिला आणि नलिकाच पदार्थ बाहेर टाकतात असं ठासून सांगितलं. पुढची कित्येक दशकं दोन्ही पक्षांची जुंपली.

निकाल लावला बेडकाने. फिलाडेल्फियात आल्फ्रेड रिचर्ड्स आणि जोसेफ वेर्न यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकाच पिशवीत काचेची अतिसूक्ष्म नळी घुसवून थेंबभराहूनही कमी द्रव काढला. १९२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्या द्रवात साखर होती, प्रथिनं नव्हती. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखरेचा पत्ता नव्हता. म्हणजे साखर गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली. लुडविग जिंकले. पण हायडेनहाइनही पुरते हरले नाहीत. काही सागरी माशांच्या मूत्रपिंडात गुच्छच नसतात, तरी त्यांना लघवी होते. नलिकांच्या पेशी काही पदार्थ रक्तातून खेचून थेट लघवीत ढकलतात, हे इ. के. मार्शल यांनी विसाच्या दशकात दाखवलं.

या ढकलण्याचा जोर किती, हे पेनिसिलिनने दाखवलं. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते दिलं जाऊ लागलं. जंतुसंसर्गाने एक डोळा गेलेला हा माणूस चार-पाच दिवसांत सुधारू लागला, पण औषध संपत आलं. नलिका ते भराभर लघवीत टाकत होत्या. डॉक्टरांनी त्याची लघवी गोळा केली, त्यातून पेनिसिलिन काढलं आणि पुन्हा टोचलं. तेही पुरलं नाही, मार्चमध्ये तो दगावला. पुढे ही गळती रोखण्यासाठी प्रोबेनेसिड हे औषध मुद्दाम तयार करण्यात आलं. तोवर पेनिसिलिन मुबलक झालं होतं, म्हणून प्रोबेनेसिडचा उपयोग जास्त झाला तो गाऊटच्या रुग्णांना.

कोणता पदार्थ किती झपाट्याने निघतो, हे मोजायला ‘क्लिअरन्स’ हे माप आलं: मिनिटाला किती रक्तद्रव त्या पदार्थापासून पूर्ण मोकळा झाला. डेलियाच्या कंदात असणारं इन्युलिन फक्त गाळलं जातं, परत घेतलं जात नाही. त्याचं क्लिअरन्स मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, आणि तोच मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग. साखरेचं शून्य. नलिका ज्याला जोराने ढकलतात त्या पीएएच या रसायनाचं सहाशेच्या वर. तीन आकड्यांत सगळा कारभार आला.

दवाखान्यात कोणी इन्युलिन टोचत बसत नाही, तिथे क्रिएटिनिन पाहतात. हा स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात येणारा पदार्थ. मात्र रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून निर्धास्त होणं धोक्याचं. गाळण्याचा वेग निम्मा झाला की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. एखाद्या कृश आजीचं ०.६ होतं ते १.२ झालं, तर पुष्कळ लॅबच्या कागदावर ते मर्यादेतच दिसेल. आणि अर्धी ताकद केव्हाच गेलेली असेल. वय आणि लिंग धरून काढलेला गाळण्याच्या वेगाचा अंदाज, म्हणजे ई-जीएफआर, म्हणूनच पाहायचा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर दुखणं जुनाट समजतात.

गाळणी बंद पडली तर डायलिसिस. नेदरलँड्समध्ये जर्मनांचा कब्जा असताना, १९४३ मध्ये, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणातून रक्त फिरवून पहिलं कामचलाऊ यंत्र उभं केलं. आजची यंत्रं कितीतरी सफाईदार आहेत. पण नलिकांची निवड त्यांना जमत नाही, आणि चालतात ती आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. म्हणून तर डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, शहाळं आणि केळी पोटॅशियमपायी वर्ज्य होतात.

राहिले ते ‘किडनी साफ करणारे’ काढे आणि पावडरी. जे मूत्रपिंड तुमचा सगळा रक्तद्रव दिवसाला साठेक वेळा गाळतं, त्याला साफ करायला चूर्ण कशाला? माझ्या मते तो पैसा चाचणीवर खर्च करावा. वेदनाशामकांबाबतही जपून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गुच्छाकडे येणारी वाहिनी आकुंचित होऊ देतात. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते महागात पडतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन भारतातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊनच मेली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसांना मात्र ते आजही सर्रास दिलं जातं.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा रक्तातला ई-जीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही तपासून घ्या. अल्ब्युमिन लघवीत येऊ लागणं ही गाळणी सैल झाल्याची खूण, आणि ती बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या आधी दिसते.