ताक का कळकते? – तांब्या-पितळेची भांडी व कल्हई

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले, की ते कळकते. त्याला हिरवट छटा येते व ते पोटात गेल्यास मळमळ आणि वांती होते. हे कशामुळे घडते, ते पाहू.

धातूच्या अणूंत विजाणू, म्हणजेच इलेक्ट्रॉन, नावाचे अतिसूक्ष्म ऋणभारित कण असतात. त्यांपैकी काही एका अणूशी बांधलेले नसून धातूभर मोकळे फिरतात. ताक तांब्याला लागले, की त्यात विरघळलेला प्राणवायू हे विजाणू ओढून घेतो. विजाणू गमावलेला तांब्याचा अणू धनभारित होतो. ताकातील दुग्धाम्लाचे रेणू त्याला धरून ताकात नेतात. पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्याने त्यातही हीच क्रिया घडते. पदार्थ जितका आंबट व जितका वेळ भांड्यात राहील, तितके तांबे अधिक उतरते.

ताजे दूध आंबट नसले, तरी त्यातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते. बिनकल्हईच्या भांड्यांत तापवून ठेवलेले दूध तान्ह्या मुलांना पाजणे आणि त्यांना होणारा यकृताचा घातक विकार यांचा संबंध १९८० नंतरच्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासांतून दिसून आला. अशी भांडी मागे पडली, तसा हा विकारही विरळ झाला.

तुपात उतरलेले तांबे विजाणूंची देवघेव करून स्निग्धांशाचा प्राणवायूशी संयोग जलद घडविते. त्यामुळे तूप लवकर खवट होते.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर होय. तो अन्न व तांबे यांच्या आड येतो. बारीक ओरखडा पडल्यास तांब्याआधी कथील आपले विजाणू देते, म्हणून तेथील तांबे काही काळ वाचते. परंतु आतील पिवळा किंवा तांबूस भाग उघडा पडला, की हे संरक्षण संपले असे समजावे.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. कल्हई झिजताच भांडे पुन्हा कल्हई करून घ्यावे.
२. कल्हईचे कथील शुद्ध असावे. त्यात शिसे मिसळलेले नसावे.
३. ताक, दही, लोणचे व चिंचेचे पदार्थ काचेच्या, चिनी मातीच्या अथवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात ठेवावेत.
४. मुलांचे दूध बिनकल्हईच्या भांड्यात तापवू किंवा साठवू नये.
५. कळकलेला पदार्थ टाकून द्यावा. उकळल्याने त्यातील तांबे जात नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती महिला मंडळांच्या सभांतून, विशेषतः तान्ह्या मुलांच्या मातांना, समजावून द्यावी.