मासवडीत मासा नसतो

मासवडीत मासा नसतो, हे नगरकडे आलेल्या पाहुण्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. संगमनेर, अकोले, पारनेर आणि शेजारचं जुन्नर-आंबेगाव या पट्ट्यातला हा पदार्थ. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरायचं, घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळून वरून दाबत माशाचा आकार द्यायचा. कापलं की हुबेहूब माशाचे तुकडे. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूसही दोन वड्या जास्त मागून घेतो.

ही नक्कल फक्त आकाराची, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग एकदा धान्य-कडधान्यांतल्या अमिनो आम्लांचा तक्ता हातात पडला आणि वडीकडे बघायची नजरच बदलली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. त्यातले नऊ प्रकार मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. गंमत अशी की माळ ओवताना हवा तो मणी संपला, की काम तिथेच अडतं. बाकीचे मणी ढिगानं असले तरी उपयोग नाही. शरीर ते फार साठवून ठेवत नाही, जाळून टाकतं. ज्वारी, बाजरी, गहू यांच्यात लायसिन नावाचा मणी कमी. हरभरा, तूर, मटकी, हुलगा यांच्यात तो भरपूर, पण गंधक असलेला मेथिओनिन हा मणी तोकडा. आणि तीळ? तिळात मेथिओनिन चांगलं, लायसिन कमी. आता मासवडीचं ताट पुन्हा बघा. बेसनाचं कवच, तिळाचं सारण, बाजरीची भाकरी. प्रत्येकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढलेलं. माशाच्या तुकड्यात जे मणी एकत्र मिळतात ते इथे तिघांनी मिळून जमवलेत.

इथे ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. लायसिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १८८९ साली, दुधातल्या केसीनमधून. मेथिओनिन तर १९२०च्या दशकात सापडलं. तीळ सारणात गेले ते खमंग लागतात म्हणून. पण जोडी जमली ती निव्वळ योगायोगानंही नाही. ताटात जे शेजारी बसलंय ते आधी रानात शेजारी उभं होतं. पावसाच्या भरवशावरच्या शेतात बाजरीत तुरीच्या ओळी, कुठे मटकी, कुठे हुलगा. रब्बीला काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा. हा शेजार का, त्याचं उत्तर मातीखाली आहे. तिकडे जाण्याआधी थोडा हिशेब.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या लायसिनचं बघितलं, तर वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ५५ किलोला १६५० मिलिग्रॅम. ज्वारीच्या दोन दणकट भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ लागलं असं धरू. त्यात प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास, पण लायसिन जेमतेम सव्वातीनशे मिलिग्रॅम. त्यात ज्वारीची एक खोड आहे. बहुतेक अन्न शिजवल्यावर पचायला सोपं होतं. ज्वारीतलं काफिरीन हे प्रथिन पाण्यात शिजलं की उलट जास्त आवळलं जातं आणि पाचकरसांना दाद देत नाही. म्हणजे नुसत्या भाकरीवर पोट भरेल, माळ पुरी व्हायची नाही. त्याच भाकरींवर चाळीस ग्रॅम बेसनाचं पिठलं घ्या. प्रथिनं नऊ ग्रॅमनं वाढतात, लायसिन आणखी पावणेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. एका जेवणात दिवसाची निम्म्याहून जास्त गरज भागली. वर तांब्याभर ताक प्यायलं तर आणखी भर. दुधातल्या प्रथिनात लायसिन चांगलं असतं, आणि नगर जिल्ह्यात दुधाला तोटा नाही.

मेख आहे ती ‘चाळीस ग्रॅम’मध्ये. मांसाशिवाय प्रथिनं पुरतात का, या प्रश्नाचं खरं उत्तर डाळीच्या जातीत नसून तिच्या दाटपणात आहे. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती असते ते एकदा कोरडी मोजून बघावं. वीस ग्रॅम निघाली तरी पुष्कळ. त्यातून प्रथिनं मिळतात चार-पाच ग्रॅम, आणि आपण मनाशी ‘डाळ खाल्ली’ अशी नोंद करतो. मोड आलेल्या मटकीचंही तसंच. मोडांनी पचन सुधारतं हे खरं, पण फुगलेली वाटी बरीचशी पाण्यानं भरलेली असते.

दाट आमटी कशी असते ते बघायचं तर पारनेरच्या सीमेला लागून असलेल्या आणे गावाला जावं. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला पौषात तिथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. मोठमोठ्या कढयांत तुरीच्या डाळीची मसालेदार आमटी रटरटते, पठारावरच्या घराघरांतून भाकऱ्या येतात, आणि जेवून झाल्यावर लोक किटल्या भरून आमटी घरी नेतात. नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताहही आमटी-भाकरीसाठीच लोकांच्या तोंडी आहे. तिथेही भाकऱ्या गावोगावच्या चुलींवरून येतात. वर आमटी, खाली कुस्करलेली भाकरी, आणि हजारो माणसं एका वेळी आपापल्या माळा पुऱ्या करताहेत!

हे सगळं एकाच घासात जुळवायला हवं, असा धसका मात्र कुणी घेऊ नये. १९७१ साली फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेनं एकाच जेवणात धान्य-कडधान्यांची जोडी जमवण्याचा आग्रह धरला, तिचं पुस्तक लाखोंनी खपलं, आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत तिनंच कबूल केलं की आपण हे उगाच अवघड करून ठेवलं. शरीरात मोकळ्या मण्यांची थोडी शिल्लक असते. सकाळची उसळ संध्याकाळच्या भाकरीला भेटते.

आता मातीखाली. प्रथिनाचा जीव नायट्रोजनमध्ये. त्याच्या वजनाचा साधारण सोळा टक्के भाग तोच. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे तिहेरी धरून बसलेत की ते सोडवायला खताच्या कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. तेच काम हरभऱ्याची मुळी डिसेंबरच्या थंडीत, गार मातीत, आवाज न करता करते. म्हणजे मुळीच्या गाठीत राहायला आलेले रायझोबियम जिवाणू करतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरातला शेतकरी पेरणीआधी दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यातून चोळतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या वाल-घेवड्यांच्या मुळांशीही हाच व्यवहार चालतो. त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं राखलं म्हणून, पण त्या बियाण्यासोबत हवेतून प्रथिन ओढून आणणारी ही सोयरीकही टिकली. धान्याला हे जमत नाही. म्हणूनच बाजरीच्या रानात तुरीची ओळ!

मार्गशीर्षात हरभऱ्याच्या रानात जायचा योग आला तर फुलं लागायच्या सुमारास मालकाला विचारून एक झाड हलक्या हातानं, मातीच्या ढेकळासकट उपटावं. पहाट असेल तर हात आंबट होतील. पानांवरच्या दवात आंब उतरलेली असते. माती झटकली की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. नखानं एक गाठ चिरावी. आत गुलाबी-लाल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या भावकीतला. नायट्रोजन फोडणाऱ्या यंत्रणेला प्राणवायू सोसत नाही आणि जिवाणूंना तर श्वासाला तोच हवा. हे लाल द्रव्य तो धरून ठेवतं आणि मोजून-मापून पोचवतं. मांस नको म्हणणाऱ्याच्या ताटातल्या प्रथिनाची सुरुवात अशी लालच होते.

महिना-दीड महिन्यानं तिथेच दुसरं झाड उपटलं तर गाठी हिरवट-तपकिरी पडलेल्या, पोचट. मुळीतला, पानांतला नायट्रोजन वर निघालेला असतो. तो कुठे गेला हे शोधायला लांब जावं लागत नाही. वर घाटे भरलेले असतात. एक फोडायचा, हिरवा सोलाणा तोंडात टाकायचा.