कमी हिस्टामिनचा आहार आणि आपली कंदमुळे

डिचोली तालुक्यातील सर्वण हे समुद्रकिनाऱ्यापासून आत वसलेले गाव. तेथे बांगडा येतो तो किनाऱ्यावरून, आणि वाटेत बर्फ कमी पडला तर माशातील जिवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करू लागतात. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. लोक याला 'माशाची ॲलर्जी' म्हणतात. वस्तुतः ही बहुधा विषबाधा असते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवूनही नष्ट होत नाही, ही बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवी. कोडेक्सने माशासाठी त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठरवली आहे.

काही व्यक्तींच्या आतड्यांत हिस्टामिनचे विघटन करणारे डायअमिन ऑक्सिडेज हे विकर कमी पडते, असे मानले जाते. त्यांना कमी हिस्टामिनचा आहार सुचविला जातो. सुके व खारवलेले मासे, आंबवलेले पदार्थ, टोमॅटो, वांगी, पालक वगळा, अशी यादी हाती पडली की माणूस घाबरतो. मग खावे काय? येथे कंदमुळे उपयोगी पडतात. सुरण, रताळी, करांदे, अळकुड्या यांत प्रथिने अल्प, म्हणून हिस्टिडिनही अल्प. ताजे कंद शिजवून खाल्ले तर हिस्टामिनचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. गोव्यातील खतखत्यात हे कंद एकत्र येतातच.

मात्र सुरणाने घसा खाजतो, त्याचे काय? अनेकजण त्यालाही ॲलर्जी समजून सुरण कायमचा सोडतात. सुरण व अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवण्याची आपल्या घरांतील रीत याच खाजेवरचा उपाय आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ऑक्झॅलेटमुळे जपून खावे.

यादी पाहून स्वतःच पथ्य धरणे हे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते. या आहाराबाबतचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत, आणि रक्तातील विकराची तपासणी एकटी निर्णायक मानता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे पदार्थ बंद ठेवून एकेक पुन्हा सुरू करणे, हीच प्रचलित पद्धत. श्वास लागणे वा ओठ सुजणे दिसल्यास पथ्याचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वर्गात दाखविण्याजोगा प्रयोग सोपा आहे. कच्च्या सुरणाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्या सुया जुडग्याने दिसतात. कापताना हातमोजे घालावेत.