हातावर टाळी, कमरेला पट्टा

कुस्तीचे पत्ते आठवतात? भावांच्या खिशात असायचे ते! त्यात सगळे बाप्येच. पण जपानमध्ये १९७० च्या दशकात शाळकरी मुली ज्यांच्यासाठी वेड्या व्हायच्या, त्या कुस्तीगीर चक्क मुली होत्या. त्याही जोडीनं लढणाऱ्या.

ही 'टॅग टीम' कुस्ती. एक रिंगणात, दुसरी दोरापलीकडे. दमलेलीनं हातावर टाळी द्यायची की दुसरी आत. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरं. पण आपटणं आणि लागणं खरंच की!

'ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग' ही १९६८ ची कंपनी. तिचा जोडीचा किताब म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए टॅग टीम पट्टा. १९७६ मध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा या 'ब्युटी पेअर'नं तो जिंकला. दोघी रिंगणात गायच्यासुद्धा. त्यांचं गाणं घराघरांत पोचलं.

नियम मात्र ऐका. दारू, सिगारेट आणि मुलगे, तिन्हींना बंदी. आणि पंचविशी उलटली की निवृत्ती! आपल्याकडच्या 'लग्नाचं वय निघून चाललंय'सारखंच, नाही का?

२७ फेब्रुवारी १९७९ ला तर तोक्योच्या बुदोकान सभागृहात या दोन मैत्रिणींनाच एकमेकींसमोर उभं केलं. हरेल तिनं कुस्ती सोडायची. माकी हरली, गेली. तेव्हा दोघी जेमतेम विशीच्या होत्या.

पट्टा राहिला, मुली बदलल्या. १९८४ मध्ये तो चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या 'क्रश गॅल्स'कडे आला. पुढच्याच वर्षी एका लढतीत हरल्यावर भर रिंगणात चिगुसाचे केस भादरले गेले, तेव्हा प्रेक्षकांतल्या पोरी धाय मोकलून रडल्या. १९८९ मध्ये क्रश गॅल्सही निवृत्त झाल्या.

पण चिगुसा गप्प बसली नाही. १९९३ मध्ये ती परतली, १९९५ मध्ये 'गाया जपान' ही स्वतःची कुस्ती कंपनी रिंगणात उतरवली. तिथे लायनेसही आली आणि तिशी ओलांडलेल्या या दोघी पुन्हा जोडीनं लढल्या!

पंचविशीत घरी पाठवणारी जुनी कंपनी २००५ मध्ये बंद पडली. तिच्याबरोबर तो पट्टाही संपला.

तेव्हा मैत्रिणींनो, 'आता तुझं वय झालं' असं कुणी म्हणालं, तर दोरापलीकडे बघा. टाळीसाठी हात पुढे करून एखादी उभी असेलच.