निर्वात खरंच रिकामं असतं का?

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळे त्याचं गणित सगळ्यांत सोपं. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार या अणूच्या दोन विशिष्ट अवस्थांची ऊर्जा तंतोतंत सारखी यायला हवी होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी, युद्धकाळात रडारसाठी विकसित झालेलं सूक्ष्मलहरींचं तंत्र वापरून ती तपासली. फरक निघाला. या अवस्थांमधल्या इलेक्ट्रॉनच्या बंधनऊर्जेच्या दहा लाखांत जेमतेम एका भागाएवढा! पुंज क्षेत्र सिद्धांताची परिभाषा समजून घ्यायला एवढा फरक पुरेसा आहे.

आधी ‘क्षेत्र’. हवामानाच्या नकाशात प्रत्येक ठिकाणाला तापमान असतं, तशी अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी जोडलेली राशी म्हणजे क्षेत्र. त्यात ऊर्जा वाटेल तेवढी भरता येत नाही; ती ठरावीक हप्त्यांनीच वाढते. असा एक हप्ता म्हणजे ‘पुंज’, आणि त्यालाच आपण कण म्हणतो. फोटॉन हा विद्युतचुंबकीय क्षेत्राचा, इलेक्ट्रॉन हा इलेक्ट्रॉन-क्षेत्राचा. विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे का, याचं उत्तर इथे मिळतं: सगळे एकाच क्षेत्रातून येतात.

सगळी क्षेत्रं किमान ऊर्जेवर असतात ती अवस्था म्हणजे ‘निर्वात’. पण अनिश्चिततेच्या नियमामुळे तिथेही क्षेत्र पूर्ण स्तब्ध राहू शकत नाही. त्याच्या चढउतारांचे धक्के अणूतल्या इलेक्ट्रॉनला बसतात. केंद्रकापाशी सापडण्याची शक्यता ज्या अवस्थेत जास्त, तिथे हा परिणाम मोठा. लॅम्ब यांना सापडलेला फरक मुख्यतः त्यातूनच आला.

पण तो गणिताने काढायला बसलं, की उत्तर अनंत यायचं. यातून वाट अशी निघाली: इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आपण मोजतो तेव्हा त्यात त्याच्या स्वतःच्या क्षेत्राचा वाटा आधीच धरलेला असतो. तो दुसऱ्यांदा धरायचा नाही, ही ‘पुनर्सामान्यीकरणा’मागची कल्पना. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी स्केनेक्टडीला जाणाऱ्या रेल्वेगाडीत हे गणित मांडलं. ऊर्जेतला फरक वारंवारतेत सांगायचा, तर उत्तर आलं सुमारे १०४० मेगाहर्ट्झ. आजचं मोजमाप सुमारे १०५८. तोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी ही पद्धत पक्की केली. १९६५ चं नोबेल त्यांना मिळालं.

राहिले ‘आभासी कण’. निर्वातात ते क्षणभर उमटून विरतात, असं वर्णन सर्रास वाचायला मिळतं. प्रत्यक्षात ते म्हणजे हे गणित मांडायला फाइनमन यांनी वापरलेल्या आकृत्यांमधल्या आतल्या रेषा, म्हणजेच गणितातली पदं. कोणत्याही उपकरणात ती सापडत नाहीत. उपकरणात सापडतो तो ऊर्जेतला फरक.